कॅटकॉन बदलायचाय? आधी जुना कशानं गेला ते शोधा

मागच्या अंकात चेक इंजिन लाइटवर लिहिताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे एग्झॉस्टच्या (धुराच्या) पाइपमध्ये बसवलेल्या, धूर साफ करणाऱ्या त्या डब्याचा, गॅरेजमध्ये ज्याला सगळे कॅटकॉन म्हणतात त्याचा, ओझरता उल्लेख झाला होता. त्यावरच इतके प्रश्न आले की म्हटलं यावेळचं सदर याच एका गोष्टीला देऊन टाकू. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत.

प्रश्न: सर, माझी पेट्रोल गाडी ९ वर्षांची आहे, १ लाख १० हजार किलोमीटर झालेत. चेक इंजिन लाइट लागली म्हणून स्कॅन केलं तर पी ०४२० कोड आला. गॅरेजवाला म्हणतो कॅटकॉन गेला, नवीन टाका. कंपनीचा घेऊ का बाहेरचा?

कुठला घ्यायचा ते पुढच्या उत्तरात सांगतो, पण आधी गॅरेजवाल्याला एवढंच विचारा की गेला हे कशावरून ठरवलं. नुसत्या कोडवरून ठरवलं असेल तर थांबा. पी ०४२० म्हणजे कॅटकॉनचं काम ठरलेल्या पातळीच्या खाली आलंय असा गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज आहे, आणि तो अंदाज तो दोन ऑक्सिजन सेन्सरच्या आकड्यांवरून बांधतो, एक सेन्सर कॅटकॉनच्या आधी आणि एक नंतर. कॅटकॉन चांगला असला की पुढचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा वरखाली होत असतो आणि मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत बसलेला असतो, कारण येणारा जास्तीचा ऑक्सिजन कॅटकॉन आत धरून ठेवतो आणि लागेल तसा वापरतो. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड, म्हणजे वेगळ्या पद्धतीनं मोजणारा, असतो, त्याचे आकडे असे दिसत नाहीत, पण मागच्याचं वागणं तेच. तर गाडी १५-२० मिनिटं चालवून पूर्ण गरम करा, मग रेस २५०० आरपीएमला धरून स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघा. मागचा सेन्सरपण जोरजोरात वरखाली होत असेल तर कॅटकॉन थकलाय असं म्हणायला आधार आहे.

आधार आहे म्हणतोय, खात्री नाही, कारण एग्झॉस्टला कुठे लीक असेल तरी हेच दिसतं. फ्लँजच्या (पाइपच्या बोल्टवाल्या कडेच्या) जोडातून किंवा मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनमधून धूर गोळा करणाऱ्या पहिल्या नळ्यांच्या, बारीक तड्यातून गॅस बाहेर जातो हे सगळ्यांना माहीत असतं, पण गॅसच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणाला तिथून बाहेरची हवा आतपण ओढली जाते हे लक्षात येत नाही, आणि ती हवा सेन्सरला फसवते. सकाळी गाडी एकदम थंड असताना चालू करा आणि बोनेट उघडून कान लावा, टिक टिक असा आवाज आला आणि गाडी तापल्यावर गेला तर लीक आहे. जोडाभोवती काळी काजळीपण दिसते. एका गॅस्केटचं काम असतं आणि लोक अख्खा कॅटकॉन बदलून बसतात!

आता खरा मुद्दा. लीक नाही, सेन्सर ठीक आहेत, कॅटकॉनच गेलाय असं नक्की झालं, तरी नवीन आणायला पळू नका. कॅटकॉनमध्ये हलणारा एकही भाग नाही, झिजावं असं काही नाही, इंजिन नीट असेल तर तो गाडीच्या आयुष्याएवढा टिकावा अशा हिशोबानंच बनवलेला असतो. मग तो लवकर जातो तेव्हा बहुतेकदा त्याला इंजिननं मारलेलं असतं. ते कारण तसंच ठेवून नवीन लावला तर नवापण त्याच वाटेनं जाणार.

हे मी भोगलंय म्हणून सांगतो. माझ्या जुन्या गाडीला एका गॅरेजमध्ये नवा कॅटकॉन बसवून घेतला, जुना का गेला हे त्यांनी बघितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गाडी थंडीत सकाळी जरा मिस मारायची (मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल पेटायचंच नाही), पण लाइट विझली म्हणून खूश होतो. चार महिन्यांत गाडी चढाला दम टाकायला लागली. कॅटकॉन उतरवला आणि एका बाजूनं टॉर्च मारला, तर दुसऱ्या बाजूला उजेडच नाही. मग कटरनं कापून बघितला. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक चौकोनी छिद्रं असतात ना, कडेची तशीच होती, फिकट रंगाची, अगदी रेखीव, आणि मध्यभागी सगळं मेणासारखं वितळून, परत गोठून एक काचेसारखा चकचकीत गोळा झालेला. कारण काय, तर एका सिलेंडरची इग्निशन कॉइल मधेमधे काम सोडत होती, त्या सिलेंडरचं न जळलेलं पेट्रोल जाऊन कॅटकॉनमध्ये जळत होतं. कॅटकॉन नेहमी ४०० ते ८०० अंशांत काम करतो, असं पेट्रोल पडायला लागलं की तो १००० च्या पार जातो आणि मग आतलं सिरॅमिक टिकत नाही. एका कॉइलपायी दोन कॅटकॉन गेले.

म्हणून नवीन घ्यायच्या आधी प्लग काढून बघा, कॉइल तपासा, स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा. गाडी ऑइल खाते का ते दोन सर्व्हिसच्या मध्ये डिपस्टिक बघून मोजा, कारण इंजिन ऑइलमधल्या फॉस्फरसचा थर कॅटकॉनवर बसला की आतला धातू झाकला जातो आणि तो थर काही निघत नाही. कूलंट गुपचूप कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय धरा, कूलंट जळून जे मागे उरतं तेपण कॅटकॉनला आणि सेन्सरला मारक. इंजिनच्या कामात सेन्सरला न चालणारं सिलिकॉन सीलंट वापरलं तरी तोच प्रकार. आणि एक लक्षात ठेवा, चेक इंजिन लाइट स्थिर लागली तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्या, पण ती लुकलुकायला लागली तर त्याचा अर्थच असा की आत्ता या क्षणाला मिसफायर होतोय आणि कॅटकॉन जळतोय, तेव्हा पाय उचला आणि जमेल तितक्या लवकर गाडी बाजूला घ्या.

प्रश्न: दादा, मी बाहेरच्या कंपनीचा स्वस्तातला कॅटकॉन बसवला, फिटिंग एकदम बरोबर बसलं, पण आठ महिन्यांत परत तोच कोड. इंजिन तपासून घेतलं, काही दोष नाही. बाहेरचे सगळे असेच असतात का?

सगळे नाही ताई, पण तुमच्यासारखा अनुभव खूप जणांना येतो आणि त्याचं कारण डोळ्याला दिसत नाही म्हणूनच जरा खोलात सांगतो. कॅटकॉनचं बाहेरचं स्टीलचं कवच आणि आतलं जाळीदार सिरॅमिक हा काही महागाचा भाग नाही. त्या छिद्रांच्या भिंतींवर अॅल्युमिनाचा खडबडीत लेप दिलेला असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम हे धातू अगदी बारीक कणांत पसरवलेले असतात. सगळं मिळून काही ग्रॅमच, पण किंमत त्याचीच. प्लॅटिनम आणि पॅलेडियम कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन जाळतात, रोडियम नायट्रोजनचे ऑक्साइड फोडतो, म्हणून याला थ्री-वे म्हणतात. लेपात सिरियमचं ऑक्साइडपण असतं, ऑक्सिजन धरून ठेवायचं आणि सोडायचं काम ते करतं, आणि गाडीचा कॉम्प्युटर नेमकं तेच काम तपासत असतो.

आता स्वस्त कसं करतात, तर धातू कमी घालतात, सिरियम कमी घालतात. नवा असताना तो पास होतो, लाइट लागत नाही. पण वापरात उष्णतेनं धातूचे बारीक कण हळूहळू एकमेकांना चिकटून मोठे होत जातात आणि कामाला येणारा पृष्ठभाग घटत जातो, हे चांगल्यातपण होतं, फक्त चांगल्यात मुळातच धातू जास्त असल्यामुळे वर्षानुवर्षं पुरून उरतो आणि कमी धातूवाल्यात काही महिन्यांत संपतो. तुमचं हेच झालंय असं मला वाटतं.

दुसरी शक्यता पण बघा. तुमच्या गाडीचं इंजिन कुठल्या नॉर्मचं, म्हणजे धुराच्या कुठल्या नियमाचं, आहे आणि घेतलेला कॅटकॉन कुठल्या नॉर्मसाठी बनवलाय? एकाच मॉडेलची गाडी काही वर्षं युरो ४ म्हणून विकली जाते आणि मग युरो ५ किंवा ६ म्हणून, बाहेरून पाइप, फ्लँज, सगळं सेम. जुन्या नॉर्मचा कॅटकॉन नव्या गाडीला अगदी हातमोज्यासारखा बसतो, पण नव्या गाडीचा कॉम्प्युटर जास्त कडक असतो, तो काही दिवसांत कोड टाकतो. दुकानदार मॉडेल आणि वर्ष विचारून पार्ट देतो, तेवढं पुरत नाही. चासी नंबर, इंजिन कोड, गाडी बनल्याचा महिना आणि बोनेटखालच्या स्टिकरवरची एमिशनची ओळ, एवढं घेऊन जा, आणि जुन्या कॅटकॉनच्या कवचावर नंबर कोरलेला असतो तो फोटो काढून न्या.

पार्ट हातात आल्यावर काय बघायचं तेपण सांगतो. कवचावर नंबर, बनवणाऱ्याचं नाव आणि मान्यतेची खूण ठोकलेली पाहिजे, नुसतं कागदी लेबल नको. युरोपच्या पद्धतीत रेग्युलेशन १०३ प्रमाणे मंजुरी असते आणि गोलातलं ई अक्षर आणि शेजारी देशाचा आकडा असतो, अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा वेगळा आदेश क्रमांक असतो, तुमच्याकडे जो नियम असेल त्याची खूण शोधा. गॅस कुठल्या बाजूनं कुठे जाणार याचा बाण असतो. सेन्सर बसवायच्या आट्यांच्या जागा किती आणि कुठे आहेत ते जुन्याशी मिळवून बघा. आत डोकावून छिद्रं बघा, एका चौरस इंचात ४०० किंवा ६०० छिद्रं हे नेहमीचं प्रमाण, जुन्यापेक्षा ती स्पष्ट मोठी आणि विरळ दिसली, किंवा आतली वीट, म्हणजे तो जाळीदार सिरॅमिकचा ठोकळा, जुन्यापेक्षा लांबीला अर्धीच असली, तर ठेवून द्या. आणि वॉरंटी विचारताना कवचाची वेगळी आणि आतल्या विटेची वेगळी विचारा, बरेच जण पाच वर्षांची वॉरंटी सांगतात ती कवच फुटण्याची असते, काम कमी होण्याची नसते.

माझं मत सांगू? गाडी नव्या नॉर्मची असेल आणि अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर कंपनीचा किंवा त्याच कंपनीला पार्ट पुरवणाऱ्याचा घ्या. गाडी जुन्या नॉर्मची, आणि बाहेरचा पार्ट मान्यतेच्या खुणेसकट, नेमक्या तुमच्या इंजिन कोडसाठी बनवलेला मिळत असेल, तर तो घ्यायला काही हरकत नाही, मी स्वतः लावलेत आणि चाललेत. खूण नसलेला मात्र कितीही स्वस्त असो, दोनदा घ्यावा लागतो.

प्रश्न: युनिव्हर्सल कॅटकॉन कापून वेल्डिंग करून लावला तर चालतो का?

चालतो, पण अटी बऱ्याच आहेत. इंजिनच्या सीसीला आणि गाडीच्या वजनाला तो पुरेसा पाहिजे, पाइपचा व्यास तोच पाहिजे, आणि इंजिनपासून जुन्याच अंतरावर बसला पाहिजे. अंतराचं महत्त्व असं की कॅटकॉन साधारण २५०-३०० अंशांना तापल्याशिवाय काम सुरूच करत नाही, तो मागे सरकवला की तापायला उशीर होतो आणि सुरुवातीचा सगळा घाणेरडा धूर तसाच बाहेर. ज्या गाड्यांत कॅटकॉन मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो तिथे युनिव्हर्सलचा विचारच नको. वेल्डिंग करणारा हात चांगला पाहिजे, एक टाका सुटला की लीक, आणि लीक म्हणजे परत पी ०४२०. मला विचाराल तर थोडे जास्त गेले तरी डायरेक्ट फिट, म्हणजे तुमच्याच गाडीसाठी बनवलेला, न कापता बसणारा घ्या.

प्रश्न: गाडीखालून खुळखुळ आवाज येतो आणि पिकअप गेलाय, ८० च्या वर गाडी जातच नाही. कोड काहीच नाही. कॅटकॉन असेल का?

दाट शक्यता आहे. आतली वीट फुटून तिचे तुकडे वाजत असतील आणि तेच तुकडे पुढे जाऊन वाट अडवत असतील. गाडी पूर्ण थंड असताना कॅटकॉनवर रबरी हातोडीनं हळूच ठोका, खुळखुळला तर वीट सुटलीय. कधीकधी फक्त हीट शिल्डचा पत्रा सैल होऊन तसाच आवाज करतो, म्हणून आधी पत्रा हातानं दाबून धरा आणि मग ठोका.

चोक झालाय का ते मोजता येतं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावायचा, आयडलला साधारण १.५ पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला ३ च्या आत पाहिजे, त्याच्या बराच वर गेला तर पुढे कुठेतरी तुंबलंय. हे काम लांबवू नका, विशेषतः मॅनिफोल्डला चिकटलेला कॅटकॉन असेल तर. तिथे वीट भुगा व्हायला लागली की काही इंजिनांत तो सिरॅमिकचा भुगा उलटा सिलेंडरमध्ये ओढला जातो आणि रिंग, बोअर सगळं घासून टाकतो, मग गाडी ऑइल प्यायला लागते. अशा वेळी नवा कॅटकॉन लावायच्या आधी कॉम्प्रेशन बघून घ्याच.

प्रश्न: मित्र म्हणतो कॅटकॉन आतून फोडून पोकळ कर, मागच्या सेन्सरला स्पेसर (त्याला गॅसपासून लांब धरणारा तुकडा) लाव, लाइट लागत नाही आणि अॅव्हरेज वाढतं. करू का?

नका करू, मनापासून सांगतोय. अॅव्हरेज वाढल्यासारखं वाटतं ते तुमचा आधीचा कॅटकॉन तुंबलेला असेल तर, तेवढा फरक चांगला नवा बसवूनपण पडतो. आताच्या इंजिनचं गणित कॅटकॉन धरूनच मांडलेलं असतं. स्पेसर लावून तुम्ही सेन्सरला खोटं बोलायला लावता, मग उद्या खरा बिघाड झाला तर तोपण कळणार नाही. आणि बऱ्याच देशांत हे बेकायदा आहे, तपासणीत गाडी अडकते.

पण माझ्यासाठी मुख्य कारण वेगळं आहे. चांगला तापलेला कॅटकॉन कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांतलं ९० टक्क्यांहून जास्त संपवतो. तो काढला की ते सगळं मागच्या पाइपमधून सरळ बाहेर, आणि तो पाइप जमिनीपासून किती उंचावर असतो बघा, बाबागाडीतल्या पोराच्या तोंडासमोर. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. १९५० च्या दशकात यूजीन हुद्री या फ्रेंच इंजिनिअरनं शहरातला धूर बघूनच कॅटकॉनवर काम सुरू केलं, पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि शिसं लागलं की कॅटकॉन मरायचा. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून गाड्यांना कॅटकॉन लागायला लागले आणि त्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं, आणि पंपावर शिशाचं पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जेरिया होता, तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. एवढ्या खटपटीनं लोकांच्या फुप्फुसातून काढलेली घाण एका हातोडीनं परत का घालायची?

प्रश्न: टाकीत ओतायचं कॅटकॉन क्लीनर मिळतं, त्यानं नवीन घेणं टळेल का?

वितळलेला, फुटलेला किंवा फॉस्फरस बसलेला कॅटकॉन त्यानं परत येत नाही. नुसती काजळी धरली असेल तर एखाद वेळी थोडा फरक पडतो, पण ती काजळी हायवेला अर्धा-पाऊण तास सलग चालवूनपण बरीचशी जळते. तो पैसा प्लगमध्ये घाला.

प्रश्न: माझी गाडी डिझेल आहे, हे सगळं मलाही लागू आहे का?

थोडंच. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन भरपूर असतो म्हणून तिथे थ्री-वे चालत नाही, ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट असतो, त्याच्यासोबत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असतो आणि काही गाड्यांत युरिया फवारणारी एससीआर यंत्रणा. पेट्रोलचा कॅटकॉन डिझेलला कुणी विकत असेल तर घेऊ नका. पण जुना का गेला हे आधी शोधायचं, ही गोष्ट तुम्हालाही तितकीच लागू, इंजेक्टर गळत असेल तर नवा डीपीएफसुद्धा भरून बसेल.

प्रश्न: गाडी रात्री बाहेर उभी होती, सकाळी चालू केली तर रणगाड्यासारखा आवाज. खाली बघितलं तर कॅटकॉन कापून नेलेला. स्क्रॅपवाल्याकडे तोच सेकंडहँड मिळतोय, घेऊ का?

वाईट वाटलं वाचून. चोरांना हवे असतात ते आतले धातू, आणि हायब्रिड गाड्यांवर त्यांची नजर जास्त असते. सेकंडहँड घेऊ नका. एक तर तो कुठल्या इंजिनला लागला होता, त्यानं किती ऑइल प्यायलंय हे काही कळत नाही, आणि दुसरं म्हणजे तोही कुणाच्या तरी गाडीखालून तुमच्यासारखाच कापून आणलेला नसेल कशावरून? आधी पोलिसांत तक्रार द्या, इन्शुरन्सला कळवा. तुमच्या बाबतीत कॅटकॉन इंजिनमुळे गेलेला नाही, त्यामुळे कारण शोधायचा भाग वाचला, पण करवतीनं सेन्सरच्या वायरी तुटल्यात का, आणि पुढे-मागे पाइप किती कापलाय ते बघून मगच पार्ट ऑर्डर करा. नवा बसवताना कवचावर गाडीचा नंबर कोरून घ्या, खालून जाळी किंवा प्लेट मिळत असेल तर बसवा.

प्रश्न: नवा कॅटकॉन आलाय, बसवताना मी समोर उभा राहणार आहे. कशाकडे लक्ष देऊ?

उभे राहताय हे फार चांगलं करताय. गॅस्केट आणि बोल्ट नवे वापरायला सांगा, जुनं गॅस्केट उलटं करून लावू देऊ नका. कॅटकॉनच्या इंजिनकडच्या बाजूच्या जोडांना एग्झॉस्ट पेस्ट अजिबात नको, ती वाळून तिचे कण सरळ विटेत जातात. गंजलेला सेन्सर काढायच्या आधी पेनिट्रेटिंग ऑइल मारून थांबायचं, आणि परत बसवताना फक्त आट्यांना अँटी-सीझ (आटे गंजून अडकू न देणारं वंगण) लावायचं, टोकाला बोट पण लावायचं नाही. सेन्सरची वायर पीळ पडून बसली तर आतून तुटते, म्हणून आधी कनेक्टर सोडवून मगच फिरवायचा. बाण इंजिनकडून मागे जाणारा. सगळे बोल्ट आधी हातानं लावून, पाइप टांगून धरणारे हँगर अडकवून, पाइप सरळ बसलाय बघून मग घट्ट करायचे, नाहीतर पाइप ताणात राहतो आणि काही महिन्यांत वेल्ड तडकतो. हीट शिल्ड परत लावलंय का ते जरूर बघा, तापलेला कॅटकॉन वाळक्या गवतावर गाडी उभी केली तर आग लावू शकतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा धूर आणि जळका वास येईल, घाबरू नका. विटेभोवती एक चटई असते, ती पहिल्या उष्णतेत फुगून विटेला कवचात घट्ट धरते. म्हणून लगेच रेस द्यायची नाही, आयडलला गरम होऊ द्या, मग सावकाश एक चक्कर मारा. कोड खोडल्यावर कॉम्प्युटरला कॅटकॉन पुन्हा तपासायला थोडं थंड स्टार्ट, थोडं शहरातलं आणि थोडं एका वेगातलं ड्रायव्हिंग लागतं, त्यात काही दिवस जातात. तोवर स्कॅनरवर कॅटॅलिस्ट मॉनिटरपुढे अपूर्ण असंच दिसेल. तो पूर्ण झाला आणि कोड परत आला नाही तर बिलावर चासी नंबर आणि किलोमीटर लिहून घ्या, आणि जुना कॅटकॉन गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, त्यातल्या धातूचे पैसे तुमचे आहेत, बिलातून वजा करायला सांगा.